वालीवची नवी वेस

रविवारी सकाळी दारावर थाप पडली. दार उघडलं तर आपलाच माणूस. हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, कागदावर सह्यांची रांग. म्हणाला, "भाऊ, एक सही कर. सगळ्यांनी केलीय."

कागद वाचला. आमच्या संकुलाच्या पाठीमागे नाल्याकाठी अनधिकृत झोपड्या वाढल्या आहेत. त्यामुळे अस्वच्छता, डास, चोऱ्या व महिलांची असुरक्षितता निर्माण झाली आहे. तसेच रहिवाशांच्या मालमत्तेच्या किमतीवर विपरीत परिणाम होत आहे. तरी सदर झोपड्या त्वरित हटवाव्यात, ही नम्र विनंती. किंमत कागदात शेवटी आली होती. डोक्यात पहिली तीच आली असणार.

कागद आणणाऱ्याच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, चांगली हातभर उंच. बाबासाहेबांचा फोटो आहे, सुटाबुटातला, त्यावर दिवा. ६ डिसेंबरला तो चैत्यभूमीच्या रांगेत रात्रभर उभा राहतो, खोटं कशाला बोलू. त्याचा बाप आणि माझा बाप वरळीच्या एकाच चाळीत राहिले, एकाच नळावर भांडले, १९७४ च्या जानेवारीत एकाच जिन्यात उभे राहून दगड झेलले. म्हणून हे लिहितोय. कागद एखाद्या सवर्णाने आणला असता तर लिहिलं नसतं. त्यांच्याविषयी आपण पन्नास वर्षं लिहितोय, आणि ते पन्नास वर्षं वाचत नाहीत.

मी म्हटलं, "नाय करत." तो हसला. म्हणाला, "तू अजून चळवळीतच आहेस काय रे?"

च्यायला! चळवळ म्हणजे काय गोवर आहे, लहानपणी येऊन जायला?

पोरांनो, ज्यांनी वालीव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरा. शेअर रिक्षात चौथा होऊन अर्ध्या ढुंगणावर बसा. एव्हरशाईन, गोखिवरे मागे पडलं की हवा बदलते. जळलेल्या प्लॅस्टिकचा, रंगाचा, कटिंग ऑइलचा वास येतो. ते वालीव. सातिवली आणि वालीवच्या पट्ट्यात गाळेच गाळे आहेत. कुठे पॉवर प्रेस, कुठे मोल्डिंग, कुठे पॅकिंग, कुठे स्टीलची भांडी. बारा तासांची पाळी. हेल्पर म्हणून लागायचं आणि हेल्पर म्हणूनच म्हातारं व्हायचं. पलीकडे मुंबई-अहमदाबाद महामार्ग, त्याच्या पलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर. मधे पाडे. आधी वारली, कातकरी, आगरी, कुणबी. मग गाळ्यांच्या मागे मागे आलेला उत्तरेकडचा कामगार. मग दुष्काळाने हाकललेला मराठवाडा: जालन्याचे, परभणीचे, हिंगोलीचे मातंग, बौद्ध, बंजारा. आणि मग आपण, मुंबईने थुंकलेले मुंबईकर.

३ जुलै २००९ ला चार नगरपालिका आणि त्रेपन्न ग्रामपंचायती एका पोत्यात घालून वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत माणसं भरली सव्वाबारा लाखांच्या आसपास. तोवर इकडची जमीन म्हणजे गुरं चरायची जागा. आता तिथे पत्रे ठोकलेत. निळे पत्रे दिसले की समजायचं, टॉवर येतोय. पत्र्यावर चित्र: गोरीपान बाई, गोरापान बाप, गोरंपान पोरगं, मागे तरणतलाव. वालीवमध्ये! जिथे नळाला एक दिवसाआड पाणी आलं तरी बायका देवाचं नाव घेतात, तिथे तरणतलाव!

आणि पाणी तरी कुणाचं? सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचं. तिथल्या आदिवासींची जमीन गेली, त्यांच्या शेतीला पाणी देऊ म्हणून धरण बांधलं, आणि ते पाणी पाईपातून इकडे वळवलं. डहाणू, विक्रमगडच्या बायका डोक्यावर हंडा घेऊन चालतात आणि इकडे टॉवरवाला पाईप लावून गाडी धुतो. म्हणजे आपणही धुतो. गाडी घेतली असेल तर.

रोजचे बदल बघायचे तर असे. कोपऱ्यावरची वडापावची गाडी गेली, तिथे काचेचं दुकान आलं, त्यात कॉफी मिळते, ती पिऊन झाल्यावर वडापाव आठवतो. न्हाव्याच्या खुर्चीचं सलून झालं. टपरीवर चहा कटिंग मिळायचा, तो बंद. टपरीवाल्याला सांगितलं, एन्ट्रन्सची शोभा जाते. पहाटे शेवळं, टाकळा, कोरळ घेऊन बसणारी आदिवासी म्हातारी गेटसमोरून उठवली. तीच भाजी आता मोबाईलवरून मागवतात, प्लॅस्टिकच्या डबीत, वर रानभाजी असं लिहिलेलं. गाळेसुद्धा उठताहेत. मालक जागा बिल्डरला देऊन गुजरातेत नाहीतर वाड्याला निघून जातो. कामगाराला सांगतो, तू पण चल. तो कसा चलणार? त्याची पोरगी इथे सातवीत आहे.

ह्या सगळ्याला एक इंग्रजी शब्द आहे, जेन्ट्रिफिकेशन. १९६४ साली लंडनवर लिहिताना रुथ ग्लास नावाच्या बाईने तो काढला: कामगारांच्या वस्तीत पैसेवाले शिरतात, भाडं वाढतं, कामगार बाहेर फेकला जातो. बाईंनी वर्गाची गोष्ट बरोबर पकडली. पण आपल्याकडे ह्या गोष्टीला जानवं आहे.

ते कसं, ते सांगतो.

आमच्या संकुलाला भिंत घातली गेल्या वर्षी. आठ फूट, वर काचा. ती भिंत बांधताना एक पायवाट बुजली. नाल्याकाठच्या वस्तीतून गाळ्यांकडे आणि नळाकडे जाणारी वाट. कागदावर ती नव्हतीच. कागदावर गरिबाची वाट कधी असते? पण पंचवीस वर्षं माणसं तिथून चालली होती, गवतसुद्धा उगवायचं विसरलं होतं. आता वस्तीतल्या बायका कामाला निघाल्या की वळसा घालून मोठ्या रस्त्याने जातात. त्या रस्त्याला फुटपाथ नाही. कंटेनर, डंपर, पाण्याचे टँकर असे धावतात की जणू रस्त्यावर माणूस हा प्राणीच नाही. एका ताईशी बोललो. आमच्याच बिल्डिंगमध्ये तीन घरची धुणीभांडी करते, मूळची परभणीकडची. म्हणाली, "दादा, आमी रोज इथूनच यायचो की. आता हायवेकडनं यावं लागतंय. दोन डाव गाडीखाली जाता जाता वाचले. अन् इथं आल्यावर तो वॉचमन वहीत नाव लिहितो, पिशवी तपासतो. जाताना बी तपासतो."

जाताना बी तपासतो!

आणि वर आली की लिफ्ट. दोन लिफ्ट आहेत. एकीवर काही लिहिलेलं नाही. दुसरीवर लिहिलंय: सामान, पाळीव प्राणी व कामवाल्यांसाठी. सामान. प्राणी. कामवाले. हा क्रम कुणी लावला ते विचारलं तर कमिटी म्हणते, पाटी रेडीमेड मिळाली. मिळणारच. ही पाटी ह्या देशात तीन हजार वर्षांपासून रेडीमेड मिळते.

आता सांगा, गावात काय होतं? गावाला वेस होती. वेशीच्या आत ते, बाहेर आपण. त्यांची विहीर, आपला वाट बघायचा ओटा. आपण आत जायचो ते मेलेलं ढोर ओढायला, झाडायला, सांगावा घेऊन जायला. काम झालं की बाहेर. इथे वेशीला गेट म्हणतात. पाणवठ्याला क्लब हाऊस म्हणतात. येसकराला सिक्युरिटी म्हणतात, आणि तो येसकर बहुतेक वेळा आपलाच असतो. बारा तास उभा, बसायला मोडकी खुर्ची. नवीन काय आहे? एकच गोष्ट नवीन आहे. ह्या वेळी वेशीच्या आत आपलीही दोन-चार घरं आहेत. आणि त्या घरांतला एक जण सह्या गोळा करत फिरतोय.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत गावाची जी काय लक्तरं काढली ती सगळ्यांना पाठ आहे, जयंतीच्या भाषणात टाळ्या घ्यायला उपयोगी पडतात. गाव सोडा, शहरात या, हा आपल्या बापजाद्यांनी त्यातून घेतलेला धडा. आले. गिरणीत लागले. तिथेही साच्याच्या खात्यात, जिथे तुटलेला धागा तोंडाने ओढायचा तिथे, महाराला घेत नसत, विटाळ व्हायचा. तरी शहर ते शहर. चाळ होती, नळ होता, व्यायामशाळा होती, बुद्धविहार होतं, रात्रशाळा होती. आपली पोरं कविता करायला लागली ती शेतात नाही, त्या चाळींच्या गॅलरीत. १९७२ साली पँथर निघाली ती तिथूनच.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाख गिरणी कामगार. संप संपला असं अजून कुणी अधिकृतपणे सांगितलेलं नाही, गिरण्या मात्र संपल्या. १९९१ साली नियम केला की गिरणीची जमीन विकायची तर एक हिस्सा घरांना, एक हिस्सा शहराला. २००१ साली त्याच नियमात हळूच बदल केला: वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. गिरणीच्या इमारतीखालची जमीन मालकाची. २००६ साली सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला. आमच्या बापाने जिथे फुप्फुसात कापूस भरला तिथे मॉल उभा राहिला. भाव वाढले. एक एक करत खोल्या विकल्या गेल्या. कुणी पोरीच्या लग्नाला विकली, कुणी आजारपणात, कुणी तीन भावांत वाटणी करायला. सगळे पश्चिम रेल्वेच्या डब्यात बसून विरारच्या दिशेने आले. म्हणजे ज्या कागदावर तू सह्या घेतोयस ना, दोस्ता, तसलाच कागद तुझ्या बापाच्या खोलीवर आधी फिरला होता. सही कुणाची होती, तेवढंच त्याला दाखवलं नव्हतं.

हे एकट्या मुंबईचं दुखणं नाही. ज्यांच्यावरून आपण पँथर हे नाव घेतलं ते काळे पँथर १९६६ साली अमेरिकेत ओकलंड गावी उभे राहिले. १९८० साली त्या गावात जवळपास निम्मी वस्ती काळ्यांची होती. २०२० च्या शिरगणतीत ती पाव हिश्श्याच्याही खाली आली. पोलिसांच्या गोळीला जे जमलं नाही ते घरभाड्याने केलं.

आता "अनधिकृत" ह्या शब्दाकडे या. कागदात तो पहिल्याच ओळीत आहे. अनधिकृत!

नालासोपारा पूर्वेला, कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. दोन नाही, चार नाही, एकेचाळीस. हवेत उभ्या राहिल्या काय? खोटी कागदपत्रं बनली, स्लॅब पडले, वीज आली, घरपट्टी आकारली गेली, मतदार याद्यांत नावं चढली. हायकोर्टाचा आदेश झाला आणि नोव्हेंबर २०२४ पासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत बुलडोझर फिरला. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर. ज्यांनी आयुष्याची पुंजी ओतली ते अनधिकृत. ज्यांनी विकलं, ज्यांनी डोळे मिटले, ते? मे २०२५ मध्ये ईडीने धाडी घातल्या तेव्हा ह्याच महापालिकेच्या नगररचना खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याकडे नऊ कोटींच्या आसपास रोकड आणि वीस कोटींवर दागिने, सोनं सापडल्याचं जाहीर झालं. खटल्याचं काय व्हायचं ते होईल. पण आकडा लक्षात ठेवा, पोरांनो, आणि मग नाल्याकाठच्या दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीला अनधिकृत म्हणा.

आणि २६ ऑगस्ट २०२५ ची रात्र. विरार पूर्वेला एक इमारत कोसळली. आत एका वर्षाच्या पोरीचा वाढदिवस चालू होता. १७ माणसं गेली. तीही अनधिकृतच. इमारतीचं नाव रमाबाई अपार्टमेंट. रमाईचं नाव आपल्या लोकांना कुठे कुठे भेटावं! ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली, तिथेही तेच नाव.

ह्या सगळ्या काळात महापालिकेत बोलायला तरी कोण होतं? जून २०२० ला सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक एके प्रशासक. नगरसेवक असता तर क्रांती झाली असती असं मी म्हणत नाही. पण शिव्या घालायला एक माणूस लागतो.

कागदातला दुसरा शब्द: अस्वच्छता. इथे माझं डोकं सरकतं. त्या वस्तीतले अर्ध्याहून जास्त लोक सफाईच्या कामावर आहेत. कंत्राटदाराकडे. आपला कचरा तेच उचलतात. ओला-सुका आपण एकत्र टाकतो, तो हाताने तेच वेगळा करतात. त्यांच्या दारातल्या नाल्याला जो वास येतो तो कुठून येतो? भिंतीच्या मागे जाऊन बघ एकदा. आपल्या संकुलाची पाईप त्या नाल्यात सोडलेली आहे. घाण आपण करायची, वास त्यांच्या घरात सोडायचा, आणि वर लिहायचं की अस्वच्छता त्यांनी निर्माण केली. हे मनूला सुचलं नसतं, इतकं बेमालूम आहे.

९ एप्रिल २०२४ ला विरार पश्चिमेच्या एका मोठ्या टॉवर वसाहतीत सांडपाण्याच्या प्लँटमध्ये उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. टॉवर वसाहत! पाटीवर हिरवळ, कारंजी, आणि खाली टाकीत चार प्रेतं. २०१३ चा कायदा आहे, माणसाला असं उतरवायचं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, गटारात माणूस मेला तर घरच्यांना ३० लाख द्या. भाव वाढवून दिला. उतरवणारे मात्र थांबले नाहीत. दोस्ता, आपल्या संकुलातही प्लँट आहे, बिल्डिंगच्या पायथ्याशी. झोपड्या हटवल्यावर तो बिघडला की उतरणार कोण? तू उतरशील?

तिसरा शब्द: चोऱ्या. गेल्या वर्षभरात दोन सायकली आणि एक मोबाईल गेला. मोबाईल पार्किंगमध्येच सापडला. पुढे.

आणि महिलांची असुरक्षितता. कुठल्या महिलांची? हायवेच्या कडेने पहाटे पाच वाजता चालणारी जी आहे, ती महिला नाही काय?

मला माहीत आहे तो काय म्हणेल. म्हणेल, मी वीस वर्षांचं कर्ज काढलंय. म्हणेल, माझ्या पोराने नाल्याकाठी का खेळायचं? म्हणेल, आपल्या माणसाने वर येऊच नये काय, जन्मभर चिखलातच लोळावं काय? नाही रे बाबा. वर ये. लिफ्टने ये, सतराव्या मजल्यावर ये, बाल्कनीत निळा झेंडा लाव. फ्लॅट घेतला म्हणून तुला कुणी शिव्या देत नाही. माझाही आहे, वन आरके, हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो आणि सहा तारखेपासून मी उधारीवर जगतो. पण तुला तो फ्लॅट मिळाला कसा ते आठव. तूच सांगितलं होतंस: दलालाने आधी पूर्ण नाव विचारलं. आडनाव ऐकून म्हणाला, मालक फक्त व्हेज फॅमिलीला देतात. अशी तीन घरं गेली. चौथ्या ठिकाणी तू नुसतं स्वतःचं आणि बापाचं नाव सांगितलंस, आडनाव गिळलंस. गिळलेलं आडनाव पोटात राहतं, वर येत राहतं. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. तुझ्या दारावर काठ्या आल्या नाहीत. तुझ्याच हातात पुठ्ठा दिला, म्हणाले, जा, सह्या घेऊन ये. चेअरमन स्वतः का नाही फिरला? कारण त्याला ठाऊक आहे, उद्या त्या वस्तीतून कुणी ॲट्रॉसिटीचं नाव काढलं तर कागद घेऊन फिरणारा जयभीमवाला दाखवता येतो.

एक आडवळण घेतो, मग संपवतो. नालासोपाऱ्याला स्तूप आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, आत बुद्धाच्या मूर्ती आणि भिक्षापात्राचे तुकडे मिळाले. अशोकाच्या लेखाचा तुकडाही सोपाऱ्याचाच. आपण तिथे पौर्णिमेला जातो, फोटो काढतो. पण उकरण्याआधी आसपासचे लोक त्या टेकाडाला काय म्हणत ठाऊक आहे? बुरूड राजाचा कोट. सूप-टोपल्या विणणाऱ्या बुरडाचा कोट. दोन हजार वर्षांत बुद्ध विसरला गेला, अशोक विसरला गेला, पण आपल्यातला एक जण इथे राजा होता एवढं गावाने ध्यानात ठेवलं. वालीवच्या त्या नाल्याकाठी बुरडाचंही एक घर आहे. म्हातारा अजून बांबू तासतो. गिऱ्हाईक नाही. त्याच्या खोलीवर त्या कागदात खुणेचा आकडा घातलाय.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. भांडायलाच. तो टीव्ही बघत होता. त्याची आई आत भाकरी थापत होती. मी तिला मावशी म्हणतो. तिने विचारलं, "कशाचा कागद रे?" त्याने सांगितलं नाही, मी सांगितलं. मावशी हात पिठाचे तसेच घेऊन बाहेर आली. म्हणाली, "ती झाडूवाली पोर येते ना, तिची खोली? तिच्या पोरीला मी सांभाळते दुपारची." मग त्याच्याकडे बघून, "अन् ती कुठं जाणार रे?" तो म्हणाला, "आई, तुला नाही कळत." ती आत गेली. भाकरी करपल्याचा वास आला. ह्या म्हातारीने वरळीला चाळीच्या नळावर आयुष्य काढलं, तिला कळत नाही!

त्याने कागद मागे घेतलेला नाही. तो कमिटीच्या फायलीत आहे, त्यावर आपल्या लोकांच्या अकरा सह्या आहेत. मी मोजल्या.

आम्ही दुसरा कागद काढलाय. त्यात तीन गोष्टी मागितल्यात. भिंतीत जुन्या पायवाटेच्या जागी दार ठेवा आणि ते दिवसरात्र उघडं ठेवा. नाल्यात सोडलेली पाईप बंद करा. लिफ्टवरची पाटी काढा. नाल्याकाठच्या लोकांचे मतदार यादीतले, लाईट बिलाचे, शाळेच्या दाखल्याचे पुरावे आमची चार पोरं रोज रात्री आठनंतर गोळा करतात. ज्यांना झेरॉक्सचे पैसे देता येतील त्यांनी द्यावेत. सही करणाऱ्यांत आतापर्यंत सात घरं आहेत, त्यात दोन आपली नाहीत, एक मल्याळी नर्स आणि एक गाळ्यात सुपरवायझर असलेला मुसलमान. मावशीने अंगठा देते म्हटलं. तिला सही येते, रात्रशाळेत शिकली आहे, पण म्हणाली, पोराला कळायला नको.

सभा येत्या रविवारी सकाळी दहाला, क्लब हाऊसमध्ये. भाडेकरूंना बोलायचा अधिकार नाही असं नोटिशीत लिहिलंय. भाडेकरूंना घेऊनच जाणार आहोत. आणि मोठ्या लिफ्टने.